इन्सुलिन फुकट, स्ट्रिप विकत

टाइप वन मधुमेह असलेल्या प्रौढ माणसाला सरकारी रुग्णालयात इन्सुलिन मिळते. साठा असेल तर फुकट मिळते. पण ते किती टोचायचे हे ज्या स्ट्रिपवरून ठरते, ती रक्तातली साखर मोजायची स्ट्रिप त्याने बाहेरच्या मेडिकलमधून विकत आणायची असते. ही वाटणी कोणी विचार करून केलेली दिसत नाही. इन्सुलिन औषधांच्या यादीत बसले, स्ट्रिप साहित्यात गेली आणि रुग्णाच्या वाट्याला अर्धाच उपचार आला. राज्यातल्या टाइप वनच्या प्रत्येक माणसाला, वय काहीही असो, महिन्याला किमान १२० स्ट्रिप इन्सुलिनच्याच खिडकीवर विनामूल्य मिळाल्या पाहिजेत, असे आमचे ठाम म्हणणे आहे. इन्सुलिन सोडणाऱ्या पंपाच्या आधी, सतत साखर दाखवणाऱ्या सेन्सरच्या आधी, जनजागृतीच्या फलकांच्याही आधी.

आजाराविषयी थोडे सांगायला हवे, कारण 'शुगर' म्हटले की आपल्याकडे पन्नाशीतला, पोट सुटलेला, सकाळी गोळी घेणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. टाइप वन वेगळा. यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. तो गोड खाल्ल्याने होत नाही आणि चालून, वजन उतरवून किंवा कारल्याचा रस पिऊन जात नाही. गोळ्यांवर भागत नाही. इन्सुलिन पूर्ण थांबले तर एक-दोन दिवसांतच रक्तात किटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्ले, साचू लागतात, उलट्या सुरू होतात, श्वास खोल आणि जलद होतो आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी या आजाराचे निदान म्हणजे थोड्या दिवसांचा सोबती. आता ही मुले मोठी होतात, कामाला लागतात, संसार करतात, म्हातारी होतात. शिवाय काहींना हा आजार तिशी-चाळिशीतच पहिल्यांदा होतो. त्यांना आधी टाइप टू समजून महिनोन् महिने गोळ्या दिल्या जातात आणि वजन झरझर उतरल्यावर खरे निदान होते. तरीही आपल्या योजना टाइप वनला अजून 'लहान मुलांचा मधुमेह' याच नावाने ओळखतात.

आता महिन्याचा हिशेब मांडू. साठ किलोच्या प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ४० युनिट लागतात असे धरू. महिन्याला १,२०० युनिट झाले. आपल्याकडे साध्या ह्युमन इन्सुलिनची १० मिलीची बाटली ४० युनिट प्रति मिली या ताकदीची असते, म्हणजे एका बाटलीत ४०० युनिट. तीन बाटल्या पुरतात. बाटली दीडशे रुपयांच्या आसपास धरली तर साडेचारशे रुपये. हे इन्सुलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, आणि २०२२ च्या यादीत तर दीर्घकाळ काम करणारे ग्लार्जिनही आले. दुसरीकडे स्ट्रिप. दिवसाला चार तपासण्या, म्हणजे तिन्ही जेवणांआधी एक आणि झोपताना एक, ही टाइप वनसाठी किमान गरज. महिन्याला १२०. ब्रँडप्रमाणे स्ट्रिप दहा रुपयांपासून पंचवीस रुपयांपर्यंत पडते. पंधरा धरली तरी अठराशे रुपये. म्हणजे औषधाच्या चौपट पैसे औषध मोजण्याला लागतात.

मशीन मात्र स्वस्त, कधी स्ट्रिपच्या डबीबरोबर फुकटसुद्धा. कंपन्यांचा धंदा स्ट्रिपवर चालतो. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने ज्या पाच उपकरणांवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली त्यांत ग्लुकोमीटर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप यांच्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दोन्ही पावले चांगली आहेत. पण अठराशेच्या खर्चात करकपातीने शंभर-सव्वाशे रुपये वाचतात, आणि रोजंदारीवरच्या माणसाची तपासणी त्याने चारवर जात नाही. तो आठवड्यातून एकदा तपासतो. पुष्कळजण महिन्यातून एकदा, डॉक्टरकडे जायच्या दिवशी, उपाशीपोटी.

आठवड्यातून एकदा तपासण्यात वाईट काय, असे आरोग्य खात्यातलेसुद्धा विचारतात. टाइप टूमध्ये गोळ्यांवर असलेल्या माणसाला ते चालूनही जाते. टाइप वनमध्ये का चालत नाही, ते एका ताटावरून पाहू.

ताटात सत्तर ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी, वांग्याची भाजी, वाटीभर भात आणि वाटीभर वरण. कर्बोदके मोजली तर भाकरीत सुमारे ५० ग्रॅम, भातात ३०, वरणात १०, भाजीत ६; सगळी मिळून ९६ ग्रॅम. दिवसाचे एकूण इन्सुलिन ४० युनिट असलेल्या माणसाला ढोबळ हिशेबाने १२ ग्रॅमला एक युनिट लागते, म्हणजे या ताटाला ८ युनिट. त्याच माणसात एक युनिट रक्तातली साखर साधारण ४० ने उतरवते. (हे आकडे ज्याचे त्याचे वेगळे असतात आणि ते डॉक्टरांबरोबर बसूनच ठरवायचे असतात, इथे फक्त रीत दाखवायची आहे.) जेवणाआधीची साखर १२० हवी. समजा ती २४० निघाली. वरच्या १२० साठी ३ युनिट वाढवायचे, एकूण ११. समजा ८० निघाली. एक युनिट कमी करायचे, म्हणजे ७. तेच ताट, तोच माणूस, तीच वेळ. एकदा ११ आणि एकदा ७.

आता स्ट्रिप नाही. २४० आहे असे समजून ११ टोचले आणि साखर प्रत्यक्षात ८० होती, तर जेवण पचल्यावर ३ युनिट जास्तीचे उरतात. ते १२० उतरवू पाहतात आणि रक्तात मुळात ८० च आहे. हा माणूस दुपारी तीन वाजता यंत्रापाशी, गाडीवर किंवा शेताच्या बांधावर कोसळतो. उलट, ८० समजून ७ टोचले आणि साखर २४० होती, तर जेवणानंतर ती २८० वर जाऊन बसते, आणि असे रोज होत राहिले की डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा यांचे नुकसान चालू होते. अंदाजाने चालवा म्हणणे म्हणजे या दोहोंतले एक निवडा म्हणणे.

आणि अंगाला कळत नाही का? सुरुवातीला कळते. साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम सुटतो, भूक लागते. पण आजाराला दहा-पंधरा वर्षे झाली आणि साखर वारंवार खाली जात राहिली, की ही लक्षणे बोथट होतात. मग ५० वर आली तरी काही जाणवत नाही, माणूस फक्त चिडचिडा किंवा गप्प होतो आणि भोवतालच्यांना वाटते दारू प्यायला आहे. हे लहान मुलांपेक्षा जुन्या प्रौढ रुग्णांत जास्त असते, म्हणजे ज्यांना योजनांनी वयामुळे बाहेर ठेवले आहे त्यांच्यातच.

स्ट्रिप नसलेला शहाणा माणूस मग काय करतो? तो साखर मुद्दाम वर ठेवतो. दोन युनिट कमीच टोचतो, झोपताना बिस्किटे खातो, २५० ला 'बरी आहे' म्हणतो. याला डॉक्टर बेशिस्त म्हणतात आणि केसपेपरवर 'सूचना पाळत नाही' असे लिहितात. तसे ते नाही. कमी झालेली साखर आज रात्री मारू शकते आणि वाढलेली पंधरा वर्षांनी. मोजायचे साधन हाती नसताना कोणीही पंधरा वर्षांनंतरचे संकट पत्करेल. हा निर्णय त्याच्या परिस्थितीत योग्यच आहे. परिस्थिती बदलायची जबाबदारी त्याची नाही.

यात सरकारी पुरवठ्याची आणखी एक अडचण मिसळते. पुष्कळ ठिकाणी मिळते ते ३०/७० चे तयार मिश्रण: ३० टक्के जेवणासाठीचे जलद इन्सुलिन आणि ७० टक्के रेंगाळत काम करणारे, एकाच बाटलीत. टाइप टूच्या पुष्कळ रुग्णांना ते सोयीचे पडते. टाइप वनमध्ये जेवणासाठी दोन युनिट वाढवायचे म्हटले तर रेंगाळणारेही वाढते. संध्याकाळी सातला घेतलेल्या मिश्रणातला हा भाग मध्यरात्रीच्या सुमाराला जोरावर येतो, आणि रात्रीचे जेवण हलके झाले असेल तर झोपेतच साखर उतरते. सकाळी सहाला ती २५० दिसते. आता याचा अर्थ काय? रात्री इन्सुलिन कमी पडले, की पहाटे संप्रेरकांमुळे साखर आपोआप चढली, की मध्यरात्री साखर उतरल्यावर अर्धवट झोपेत स्वयंपाकघरात जाऊन जे हाती लागले ते खाल्ले? पहिल्या कारणात डोस वाढवायचा आणि तिसऱ्यात कमी करायचा. फरक कळतो तो पहाटे दोन-तीनला केलेल्या तपासणीवरून. ओळीने तीन रात्री, तीन स्ट्रिप. त्या नसल्या की ओपीडीत दोन मिनिटांत सकाळचा आकडा पाहून डोस वाढवला जातो आणि पुढच्या रात्री साखर आणखी खाली जाते.

मोजण्याने फरक पडतो याचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. अमेरिका आणि कॅनडात १,४४१ रुग्णांवर झालेल्या डीसीसीटी या चाचणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. एका गटाला दिवसातून एक-दोन इंजेक्शने. दुसऱ्याला तीन किंवा अधिक, किंवा पंप, आणि दिवसातून किमान चार तपासण्या करून त्यावरून डोस ठरवणे. दुसऱ्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला, नसांच्या विकाराचा ६० टक्क्यांनी. जगभरचे टाइप वनचे उपचार त्यानंतर याच पायावर उभे राहिले. आपल्या आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२२ च्या जूनमध्ये टाइप वनसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही घरच्या घरी नियमित तपासणी हा उपचाराचाच भाग आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला टाइप वन असेल तर त्याला स्ट्रिप चिठ्ठीवर मिळतात, आणि २०२२ पासून तिथल्या मार्गदर्शनानुसार टाइप वनच्या प्रत्येक प्रौढाला सतत साखर दाखवणारा सेन्सर देऊ करायचा असतो. आपण अजून स्ट्रिपपाशी अडलो आहोत.

पैसा नाही, हे उत्तर नेहमी मिळते. पण राज्य या रुग्णावर खर्च करत नाही असे मुळीच नाही. ते उशिरा करते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्हींचा आधार मुख्यतः दाखल झाल्यावर मिळतो. किटोन साचून किटोॲसिडोसिस होऊन अतिदक्षता विभागात पोहोचलात तर सरकार मदतीला येते. तिथे पोहोचू नये म्हणून घरी लागणाऱ्या वस्तूंना त्यात जागा नाही. मूत्रपिंडे गेल्यावर डायलिसिस आहे, त्यासाठी २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. डायलिसिस आठवड्याला तीनदा म्हणजे वर्षाला १५६ वेळा. एका वेळचे दीड हजार धरले तर २ लाख ३४ हजार. घाऊक खरेदीत स्ट्रिप आठ रुपयांना पडली असे धरले तर एका माणसाचा वर्षाचा स्ट्रिपचा खर्च ११,५२०. एका माणसाच्या एका वर्षाच्या डायलिसिसच्या पैशांत वीस माणसांच्या वर्षभराच्या स्ट्रिप येतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत करण्याचा निर्णय राज्याने घेतलाच आहे. रुग्णालयाच्या भिंतीच्या आत बोटाला टोचून साखर बघितली तर ती तपासणी मोफत; त्याच माणसाने घरी, जेवायला बसताना, म्हणजे जेव्हा खरा उपयोग आहे तेव्हा बघितली की ती खासगी बाब.

वयाची अट हा यातला सर्वांत अन्यायाचा भाग. केरळची 'मिठायी' ही योजना या क्षेत्रातली देशातली नावाजलेली योजना. तीही मुलांसाठी म्हणून उभी राहिली. नागपूरच्या ड्रीम ट्रस्टसारख्या संस्थांनी गरीब घरांतल्या मुलांना इन्सुलिन आणि साहित्य पुरवून जगवले, ते काम मोठे आहे. कंपन्यांच्या सामाजिक निधीतले कार्यक्रमही बहुधा मुलांपुरतेच असतात. लहान मुलाच्या फोटोला देणगी मिळते, हे समजण्यासारखे आहे. पण सरकारने देणगीदाराच्या नजरेने का बघावे? अठरा पूर्ण झाली म्हणून स्वादुपिंड काम करू लागत नाही. उलट त्याच वर्षी मुलगा घराबाहेर पडतो, खोलीवर राहतो, मेसचे खातो, रात्रपाळी धरतो. प्रौढाचा दिवस मुलापेक्षा जास्त विस्कळीत असतो. दिवसभर फवारणी केली तर साखर त्या रात्रीपर्यंत उतरत राहते. ताप आला की चढते. पाळीच्या आधी अनेकींना जास्त इन्सुलिन लागते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी झाली तर एका ताटलीत भाकरीपेक्षा जास्त कर्बोदके असतात आणि ती भराभर रक्तात उतरतात. गरोदर राहू पाहणाऱ्या बाईला तर चार तपासण्याही पुरत नाहीत. जेवणाआधी आणि जेवणानंतर मिळून सात-सात लागतात, आणि त्या दिवस राहण्याच्या आधीपासून सुरू करायच्या असतात, कारण बाळाचे अवयव घडतात ते पहिल्या काही आठवड्यांतच.

आणि वयाची अट न लावता आजन्म औषध आणि तपासणी एकत्र देणे आपल्याला नवीन नाही. एचआयव्हीचे उपचार २००४ पासून एआरटी केंद्रांत मोफत मिळतात. औषधाबरोबर रक्ताच्या तपासण्याही त्याच केंद्रात. माणूस गाव बदलतो तेव्हा त्याचे कागद दुसऱ्या केंद्रात जातात. अठरा वर्षे झाली म्हणून कोणाची गोळी थांबत नाही. तीच शिस्त इथे चालेल.

आक्षेप येतील, आणि ते टाळून चालणार नाही. पहिला असा की टाइप टूचे लोकही स्ट्रिप मागतील आणि ते संख्येने कितीतरी जास्त आहेत. म्हणूनच नोंदणीचे निकष स्पष्ट हवेत: निदानापासून किंवा त्यानंतर लवकरच सतत इन्सुलिनवर असणे, किटोॲसिडोसिसचा पूर्वेतिहास, आणि शंका असेल तिथे सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते दाखवणारी) आणि गॅड प्रतिपिंडांची (प्रतिकारयंत्रणेचा हल्ला ओळखणारी) तपासणी. स्वादुपिंड शस्त्रक्रियेत काढलेले किंवा त्यात खडे होऊन ते निकामी झालेले रुग्णही याच यादीत हवेत. नाव वेगळे असले तरी त्यांची गरज हीच आहे. राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रम तीस वर्षांवरच्यांच्या तपासणीभोवती आणि टाइप टूभोवती बेतलेला आहे, त्यात टाइप वनचा स्वतंत्र रकाना नाही तोवर आपल्याला खरेदी किती करायची हेही कळणार नाही.

दुसरा आक्षेप, लोक स्ट्रिप विकतील. ग्लुकोमीटर तारीख-वेळेसह शेकडो आकडे साठवतो. महिन्याला स्ट्रिप घ्यायला येताना मशीन सोबत आणायचे, समुपदेशकाने आकडे पाहायचे. शंभरच्या आसपास नोंदी असतील तर गैरवापराचा प्रश्नच उरत नाही, आणि त्या नोंदींवरून डोस सुधारता येतो हा त्याहून मोठा फायदा. वीसच नोंदी दिसल्या तर पुरवठा कापायचा नाही. का तपासले नाही ते विचारायचे. बहुतेक वेळा उत्तर साधे असते: कामावर बसायला जागा नाही, किंवा सासरी अजून सांगितलेले नाही.

तिसरा, सेन्सर येतच आहेत, मग जुन्या स्ट्रिपवर पैसे कशाला? सेन्सर उत्तम आहे. पण चौदा दिवसांचा एक सेन्सर चार-पाच हजारांचा, महिन्याला दोन. दहा हजार रुपयांच्या साधनाची वाट बघत अठराशेचे साधन नाकारायचे, याला धोरण म्हणत नाहीत. सेन्सर असलेल्यालाही आकडा आणि लक्षण जुळेना झाले की शेवटी बोटच टोचावे लागते.

खरा धोका खरेदीत आहे. २०२३ च्या कायद्याने राज्यात महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण झाले आहे. निविदा तिथून निघेल असे धरून काही गोष्टी आधीच लिहून ठेवायला हव्यात. प्रत्येक मशीनला त्याच कंपनीची स्ट्रिप लागते. दरवर्षी निविदा बदलली तर मागच्या वर्षीची मशीन कपाटात पडतात आणि नव्या स्ट्रिप निरुपयोगी ठरतात. म्हणून करार किमान तीन वर्षांचा हवा आणि पुरवठादार बदलला तर प्रत्येक नोंदणीकृत रुग्णाला नवे मशीन देण्याची अट त्यातच हवी. अचूकतेसाठी आयएसओ १५१९७ : २०१३ हे मानक आहे: ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून, साखर १०० च्या खाली असेल तर १५ च्या आत आणि वर असेल तर १५ टक्क्यांच्या आत. हे प्रमाणपत्र कागदावर बघून थांबू नये; आलेल्या प्रत्येक खेपेतल्या काही डब्या काढून जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेशी ताडून पाहाव्यात. रक्तक्षय असलेल्या माणसात साधे मशीन साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यांच्या हाती असे मशीन दिले तर उतरलेली साखरही ते ठीक आहे म्हणू शकेल. रक्तातल्या पेशींचे प्रमाण लक्षात घेऊन आकडा दुरुस्त करणारेच मशीन घ्यावे.

हवामानाचाही विचार हवा. कोकणातल्या पावसाळ्यात डबीचे झाकण उघडे राहिले की स्ट्रिप दमट होऊन चुकीचे आकडे देतात. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांत मशीन तापमानाची चूक दाखवून बंद पडते. पन्नास स्ट्रिपच्या डबीपेक्षा पंचवीसची डबी बरी, कारण पुष्कळ ब्रँडच्या स्ट्रिप डबी उघडल्यापासून तीन महिन्यांतच वापरायच्या असतात. इन्सुलिन फ्रिजमध्ये किंवा ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायचे. स्ट्रिप मात्र फ्रिजमध्ये कधीही नाही, बाहेर काढल्यावर त्यांवर दव धरते. आणि पहिल्याच भेटीत प्रत्येकाला समजावून सांगायला हवे की बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करून मग टोचायचे. आंबा सोलून तसाच थेंब काढला तर मशीन ३०० दाखवते, आणि त्या खोट्या ३०० वर टोचलेले इन्सुलिन खरे असते.

एवढे करताना सिरिंजचा घोळही मिटवावा. ४० युनिट प्रति मिलीच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरले की खुणेप्रमाणे १० युनिट म्हणून प्रत्यक्षात २५ जातात. ग्लार्जिन सरकारी पुरवठ्यात येऊ लागले की हा धोका वाढणार, म्हणून बाटली आणि सिरिंज एकाच पिशवीत द्यावी, वेगवेगळ्या खिडक्यांवर नाही. त्याच पिशवीत लघवीतले किटोन पाहायच्या थोड्या पट्ट्या असाव्यात. ताप-उलट्यांत 'जेवलोच नाही तर इन्सुलिन कशाला' असे म्हणून लोक ते बंद करतात आणि किटोॲसिडोसिसचे पुष्कळ रुग्ण इथूनच दाखल होतात. साखर २५० च्या वर आणि किटोन आढळले तर रुग्णालय गाठायचे, हे तिथेच छापलेले असावे. ग्लुकागॉन हे बेशुद्ध झालेल्याला टोचायचे इंजेक्शन तालुक्याच्या मेडिकलमध्ये शोधून सापडत नाही. ते निदान प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आणि ज्यांची लक्षणे बोथट झाली आहेत त्यांच्या घरी असायला हवे. शुद्धीवर असलेल्याला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पुरते, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-चरबीने साखर उशिरा चढते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचे नाही; कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा. पंधरा मिनिटांनंतरच्या त्या तपासणीलाही एक स्ट्रिप जास्तीची लागते. म्हणूनच १२० ला आम्ही किमान म्हटले.

पुरवठा माणसाबरोबर फिरला पाहिजे. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीनंतर कारखान्यावर जातो आणि उन्हाळा लागता लागता परततो. त्याचे नाव गावच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तो कोल्हापूर-सांगलीच्या फडात, अशा स्थितीत 'तुमच्या तालुक्यात घ्या' हे उत्तर म्हणजे पाच महिने काहीच नाही. एका नोंदणी क्रमांकावर राज्यातल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयातून पिशवी मिळावी, आणि हंगामाला निघताना दोन महिन्यांची एकदम द्यावी.

राज्यभराचा आदेश निघायला वेळ लागेल. पण एका ग्रामीण रुग्णालयाच्या हद्दीत टाइप वनचे प्रौढ रुग्ण सहसा मोजकेच असतात. त्यांच्यापुरती खरेदी करायला रुग्ण कल्याण समितीकडे स्वतःचा निधी असतो, आणि जिल्हा नियोजन समितीच्या पैशांतूनही औषधे आणि साहित्य घेतले जाते. दहा रुग्णांच्या वर्षभराच्या स्ट्रिप, वरच्याच दराने, १ लाख १५ हजार २०० रुपयांत बसतात. वैद्यकीय अधीक्षकांनी आपल्याकडच्या रुग्णांची यादी आणि मागणी लेखी मांडली, आणि रुग्णांनी समितीतल्या लोकप्रतिनिधींना आधी भेटून विषय घातला, तर पुढच्या तिमाहीत तेवढ्या दहा जणांच्या तरी हातात डबी पडू शकते.